डोंगरात जाताना हातात धरायचा सिग्नल फ्लेअर : कोणता घ्यावा, कसा वापरावा?

अजिंठ्याचीवाट (शुक्रवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीनंतर आम्ही अकराजण वेताळवाडीच्या किल्ल्यावर गेलो होतो. उतरताना माझा मावसभाऊ मागं राहिला. जरंडी दरवाज्याकडं यायचं सोडून तो हळदा दरवाज्यानं खाली उतरला. अंधार पडला, मोबाईलला रेंज नाही. आम्ही एका अंगाला हाका मारायलो आणि तो दुसऱ्या अंगाच्या उतारावर पाय मुरगळून बसलेला. नंतर आमच्या बॅटऱ्या त्याला वर हलताना दिसत होत्या, पण त्याच्या मोबाईलचा उजेड झुडपांतून आमच्यापर्यंत काही पोचेना. साडेतीन तासांनी शेळ्या राखणाऱ्या एका बाबांनी त्याचा आवाज ओळखला तेव्हा कुठं सापडला. मावशीपुढं उभं राहताना माझी मान वर होत नव्हती.

आता डिसेंबरात अंतूरचा किल्ला ठरलाय. चौदा माणसं, त्यात तीन पोरं. एकानं सुचवलं की जहाजावर असतात तसे लाल फ्लेअर (पेटवला की प्रखर लाल ज्योत देणाऱ्या, संकटाची खूण करायच्या नळ्या) प्रत्येक गटाकडं द्या. कोणत्या प्रकारचा घ्यावा, किती वेळ जळतो, कुठं मिळतो, पोरं जवळ असताना पेटवावा का? ज्यांनी हातात धरलाय त्यांनी कृपया लिहा.

उदगीरी_खलाशी (शुक्रवार, रात्री १०.०५)

भाऊ सुखरूप सापडला हे वाचून बरं वाटलं. मी उदगीरचा, पण सोळा वर्षं व्यापारी जहाजावर काढली. हातातला लाल फ्लेअर स्वतः पेटवलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जहाजाच्या लाइफबोटीत सहा हातातले फ्लेअर, चार पॅराशूट रॉकेट आणि दोन नारिंगी धुराचे डबे असतात. तिघांची कामं वेगळी. रॉकेट ३०० मीटरच्या वर जाऊन किमान ४० सेकंद जळतं. लांबच्याला 'इकडं कुणीतरी संकटात आहे' हे त्यानं कळतं. धूर दिवसाउजेडी, किमान ३ मिनिटं. हातातला फ्लेअर मात्र अगदी शेवटी, शोधणारा नजरेच्या टप्प्यात आल्यावर 'मी नेमका इथं आहे' हे दाखवायला. त्याचं तेज १५,००० कॅन्डेला, म्हणजे ढोबळमानानं पंधरा हजार मेणबत्त्या एकदम. पण जळतो जेमतेम एक मिनिट. तुमच्या भावानं बॅटऱ्या दिसल्यावर पेटवला असता तर पाच मिनिटांत सापडला असता. अंधार पडल्या पडल्या घाबरून पेटवला असता तर तुम्ही दुसऱ्या अंगाला असताना मिनिटभरात संपून गेला असता.

प्रशिक्षणात माझ्या हातात दिला तेव्हा जाड कातडी हातमोजे घालायला लावले होते. दोरी ओढली, दोन-एक सेकंद काहीच नाही, आणि मग असा सुसाट फुसकारा की हात आपोआप मागं यायला लागला. शिक्षक मागून ओरडले, "हात लांब! लांबच!" फ्लेअरच्या तोंडातून पांढरटलाल लगदा थेंबाथेंबानं डेकवर पडत होता आणि ओल्या लोखंडावरही तडतडत जळत होता. त्यातलं मॅग्नेशियम जळतं, स्ट्रॉन्शियमच्या क्षारानं लाल रंग येतो, आणि प्राणवायू पुरवणारा मसाला आतच असतो. म्हणून पाणी ओतून तो विझत नाही. नियमच असा आहे की १०० मिलिमीटर पाण्याखाली १० सेकंद धरला तरी जळत राहिला पाहिजे.

धरायची रीत अशी : वारा पाठीवर घ्यायचा. हात पूर्ण लांब, खांद्याच्या वर. फ्लेअर सरळ उभा धरायचा नाही, बाहेरच्या अंगाला कलता धरायचा, म्हणजे लगदा हातावर ओघळत नाही. त्याच्याकडं बघायचं नाही, नाहीतर पुढची काही मिनिटं डोळ्यांपुढं डाग नाचतात आणि अंधारातलं काहीच दिसत नाही. काहींना ओढायची दोरी असते, काहींचा तळ फिरवून दाबायचा असतो, काहींचं टोपण काडेपेटीसारखं घासायचं असतं. हे घरी, उजेडात वाचून पाठ करा. डोंगरात हात कापत असताना बारीक अक्षर वाचता येत नाही.

सीताफळवाला_धारूर (शुक्रवार, रात्री १०.३१)

ते लग्नाआधीच्या फोटोत हातात धरून रंगीत धूर सोडतात ना, ते चालत नाहीत का? बीडात सहज मिळतात.

उदगीरी_खलाशी (शुक्रवार, रात्री १०.४०)

नाही हो. ते फोटोसाठी आहेत. गुलाबी-निळा धूर बघून कुणी मदतीला धावत नाही, आणि रात्री तर धूर दिसतच नाही. संकटाचे रंग ठरलेले आहेत : रात्री लाल ज्योत, दिवसा नारिंगी धूर. पांढरा हातातला फ्लेअरही असतो, पण तो समोरच्या जहाजाला 'आमच्यावर येऊ नका' हे सांगायला, मदत मागायला नव्हे. घेताना चुकून तो घेऊ नका.

गवताची_राखण (शनिवार, सकाळी ६.५०)

मी वनरक्षक आहे, गौताळ्याच्या भागात नोकरी केलेली आहे. रात्री हा धागा वाचला आणि झोप लागली नाही. हात जोडून सांगतो, डिसेंबरात अंतूरला फ्लेअर आणू नका.

डिसेंबरात तिथलं गवत कसं असतं ते बघितलंय ना? कमरेइतकं, पिवळं पडलेलं, हातात चुरलं तर भुगा होतो. वरच्या पोस्टीत तो लगदा ओल्या लोखंडावर जळत होता म्हणताय. तोच लगदा वाळल्या कुसळी गवतावर पडला तर? डोंगराला आग चढाकडं पळते, आणि तुमची चौदा माणसं चढावरच असणार. आम्ही वणवा विझवायला जातो तेव्हा हातात पाल्याचा डहाळा आणि नशीब असेल तर एखादा ब्लोअर असतो. एका उन्हाळ्यात रात्रभर जाळरेषेवर उभा होतो. सकाळी राखेत तितराची अंडी सापडली, शिजलेली. अजून डोळ्यांपुढं आहेत.

कायद्याचंही सांगतो. गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० प्रमाणे अभयारण्य धोक्यात येईल अशी आग पेटवता येत नाही आणि कलम ३२ प्रमाणे वन्यजीवांना धोका होईल असे स्फोटक किंवा रासायनिक पदार्थ वापरता येत नाहीत.

बालाघाटचा_बाळू (शनिवार, सकाळी ८.१५)

साहेब, तुमची तळमळ पोचली. पण माणूस मरायला टेकला असताना गवत बघायचं का? जीव वाचला तर गवत पुन्हा उगवेल.

गवताची_राखण (शनिवार, सकाळी ८.३३)

बाळूभाऊ, मी माणसाच्या जिवाचंच बोलतोय. पाय मुरगळलेला माणूस वाळल्या गवतात बसून फ्लेअर पेटवतो. ठिणगी पडली. आता तो पळणार कसा? तुमच्या हरवलेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका तिथं बिबट्याचा नाही, अंधाराचाही नाही. त्याच्या हातातल्या जाळाचा आहे.

बालाघाटचा_बाळू (शनिवार, सकाळी ८.४१)

हे डोक्यात आलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं.

पूर्णा_जंक्शन (शनिवार, सकाळी ११.२०)

मी रेल्वेत गार्ड होतो. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्यासाठी गार्डच. आमच्याकडंही लाल ज्योतीचा सिग्नल असतो, फ्यूजी म्हणतो आम्ही. गाडी रुळावरून घसरून शेजारच्या रुळावर आडवी आली तर समोरून येणाऱ्या गाडीला थांबवायला तो पेटवायचा, आणि लाल दिवा घेऊन पुढं पळायचं. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक फटाका-सिग्नल, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो.

हे सांगायचं कारण असं की फ्यूजी चालते ती दोघांनाही तिचा अर्थ ठाऊक असतो म्हणून. ड्रायव्हरला लाल ज्योत दिसली की तो विचार करत बसत नाही. डोंगराखालच्या वाडीतल्या माणसाला लाल उजेडाचा अर्थ ठाऊक आहे का? लग्नसराईत त्याला वाटेल नवरदेवाची वरात आलीय. तुम्ही आधी जाऊन पोलीस पाटलाला सांगितलं असेल की 'आमची माणसं वर आहेत, असा उजेड दिसला तर समजा', तर साधी बॅटरीसुद्धा फ्लेअरचं काम करेल.

आणि कृपा करून हे सामान रेल्वेनं आणू नका. धोकादायक माल विनापरवाना गाडीत आणला तर रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विमानाच्या सामानातही चालत नाही.

नाथसागरची_पोर (शनिवार, दुपारी २.०२)

डोंगराचं चाललंय, पण पाण्याचंही कुणीतरी बोला. माझं माहेर जायकवाडीच्या काठावर. आमचे लोक थर्माकोलच्या चप्पूवरून, म्हणजे तराफ्यावरून, जाळी टाकायला जातात, पहाटे तीनला. वारा सुटला की नाथसागर समुद्रासारखा उसळतो, काठ दिसत नाही. माझ्या काकांना एकदा असंच वाऱ्यानं मध्ये नेलं होतं. उजेडलं तेव्हा त्यांनी डोक्याचा लाल गमछा वल्ह्याला बांधून उभा धरला, आणि तो काठावरनं दिसला.

काकांसाठी फ्लेअर घ्यावा असं माझ्या मनात होतं. पण उदगीरचे दादा, थर्माकोलवर बसून हे पेटवायचं म्हणजे?

उदगीरी_खलाशी (शनिवार, दुपारी ३.१५)

ताई, अजिबात नको. थर्माकोल आणि नायलॉनची जाळी, एक थेंब पुरे. हवेच्या रबरी बोटीतसुद्धा वारा जिकडं वाहतो त्या अंगाला, बोटीच्या पार बाहेर हात काढून धरायला शिकवतात. चप्पूवर तेवढी जागाच नाही. काकांना लाइफ जॅकेट घ्या, त्याला शिट्टी बांधा, आणि पाण्यात चालणारा लुकलुकणारा एलईडी दिवा. काकांचा लाल गमछा हाही दिवसाचा उत्तमच सिग्नल.

परिचारिका_नांदेड (शनिवार, सायंकाळी ५.४८)

भाजण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दिवाळीत भुईनळा हातात धरून पेटवलेले हात मी दर वर्षी बघते. फ्लेअरची आग त्याहून प्रखर. भाजलंच तर : अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज आली की निघत नाही. वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. डोंगरात नळ नसतो, म्हणून बाटलीतलं पाणी बारीक धारेनं, थांबून थांबून ओता. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई तर नकोच. चिकटलेला कपडा ओढून काढू नका. स्वच्छ ओलसर कापड सैल झाकून १०८ ला फोन. आणि पोरांच्या हातात फ्लेअर देऊ नका, धरणाऱ्याच्या जवळही उभं करू नका.

पेटलाच नाही तर तोंडाकडं वाकून बघू नका. आमच्याकडं डोळ्याची एक केस तशीच आली होती, फुसका समजून उचललेला फटाका होता तो.

सीनाकाठ (शनिवार, रात्री ८.३०)

मी परांडा तालुक्यातला. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीनेचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही सातजण स्लॅबवर होतो. आमच्या भागात एनडीआरएफच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टरही आलं. रात्री बोटीचं इंजिन ऐकू यायचं पण ती कुठं वळायली ते कळायचं नाही. आम्ही बॅटरी चालू-बंद करत राहिलो. बायकोनं स्टीलचं ताट काढलं आणि पळीनं बडवायला लागली. बोटीतल्या जवानानं नंतर सांगितलं, उजेड चार ठिकाणी दिसत होता, पण ताट एकाच ठिकाणी वाजत होतं.

फ्लेअर असता तर पेटवला असता का? स्लॅबवर कडब्याची गंजी, गोठ्यातली दोन वासरं आणि खाली पाण्यावर तरंगणारं डिझेल. नसता पेटवला.

गोदाकाठची_माय (शनिवार, रात्री ८.५२)

सीनाकाठ दादा, वासरं वाचली का?

सीनाकाठ (शनिवार, रात्री ९.०४)

एक वाचलं. आता गाभण आहे.

माहूरगडी (शनिवार, रात्री ९.४०)

मुद्द्याला धरून एक. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परदेशातले गिर्यारोहक वापरतात, ते मागवू का असं एकानं मला विचारलं होतं. आपल्याकडं परवानगीशिवाय ती यंत्रं बाळगता येत नाहीत, लोक अडकलेत त्यात. त्यापेक्षा ११२ लक्षात ठेवा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. फोन लागत नसेल तर ठिकाण लिहून घरच्यांना साधा एसएमएस करा, क्षणभर रेंज आली तरी निघून जाऊ शकतो. वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

बालाघाटचा_बाळू (रविवार, सकाळी ७.२५)

म्हणजे फ्लेअर कुणीच घेऊ नये का? खलाशीदादा, तुमचं शेवटचं मत सांगा.

उदगीरी_खलाशी (रविवार, सकाळी १०.१०)

वनरक्षक साहेबांनी माझे डोळे उघडले. समुद्रात फ्लेअरच्या खाली पाणी असतं, हे मी डोंगराचं लिहिताना विसरलो होतो. आता असं म्हणतो.

कोकणात, समुद्रात बोटीनं जाणाऱ्यानं घ्यावा. मुदत छापलेली बघून घ्यावा, साधारण बनवल्यापासून ३ वर्षं. हवाबंद डब्यात, कोरड्या थंड जागी ठेवावा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा गाडीच्या डिकीत हा माल ठेवणं म्हणजे घरच्यांच्या मागं आग घेऊन फिरणं. मुदत संपलेला गंमत म्हणून पेटवू नये, कचऱ्यात टाकू नये, पुरूही नये. विकणाऱ्याकडं परत द्यावा. ही सगळी वस्तू स्फोटकांच्या कायद्यात येते. स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याचं, पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. बिगरपरवान्याच्या, नाव-गाव-तारीख नसलेल्या ऑनलाइन मालाच्या वाटेला जाऊ नये.

मराठवाड्याच्या डोंगरात पावसाळ्यानंतर नकोच. एलईडीचे लाल दिवे मिळतात, तासन्‌तास लुकलुकतात, लगदा नाही, ठिणगी नाही, पोरांच्या हातात देता येतात. पुढं-मागं खऱ्या फ्लेअरची वेळ आलीच तर उघडा काळा कातळ किंवा किल्ल्यावरची फरसबंदी, भोवती गवत नाही, वारा पाठीवर, शोधणारा डोळ्यांनी दिसतोय, आणि संपल्यावर तो कातळावरच पूर्ण थंड होऊ द्यायचा. हेलिकॉप्टर असेल तर त्याच्याकडं रोखायचा नाही, रात्री वैमानिकाचे डोळे दिपतात.

अजिंठ्याचीवाट (पुढचा मंगळवार, रात्री ९.३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लेअर रद्द केला. रविवारी आमच्या शेतात करून बघितलं. मावसभावाला तुरीच्या ओळीत बसवलं, आम्ही नाल्यापलीकडच्या मारुतीच्या पारावर उभे राहिलो.

मोबाईलचा फ्लॅश : तुरीतून दिसलाच नाही, गेल्या वर्षीसारखाच. डोक्याला बांधायची बॅटरी, स्थिर धरली : दिसली, पण लांबच्या मोटारीच्या खोपीवरच्या बल्बसारखी, लक्षच जात नव्हतं. तीच बॅटरी मिनिटाला सहा वेळा लुकलुकवली, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा : लगेच ओळखली. गिर्यारोहकांची ही संकटाची खूण मी एका जुन्या मित्राकडून शिकलो. खूण बघणाऱ्यानं मिनिटाला तीन वेळा उत्तर द्यायचं, म्हणजे हरवलेल्याला कळतं की आपण सापडलो. भाऊ म्हणाला, "ते तीन वेळा लुकलुकलं ना, तेव्हा छाती हलकी झाली." गेल्या वर्षी त्याला आमच्या बॅटऱ्या दिसत होत्या, पण त्या त्याला काहीच सांगत नव्हत्या.

शिट्टी सगळ्यात भारी निघाली. गोळी नसलेली प्लॅस्टिकची घेतली, ओली झाली तरी वाजते. शेजारच्या वस्तीवरची कुत्रीसुद्धा उठली. चौदा शिट्ट्या घेतल्यात, प्रत्येकाच्या गळ्यात दोरीनं. चार लाल एलईडी दिवे. तिन्ही पोरांना नारिंगी टीशर्ट. आणि सगळ्यांच्या पुढं एक, सगळ्यांच्या मागं एक, असे दोन जाणते ठरवलेत. मागचा माणूस कुणालाही मागं सोडणार नाही. गेल्या वर्षी तोच नव्हता.

गवताची_राखण (मंगळवार, रात्री १०.०२)

वाचून फार समाधान वाटलं. निघायच्या दिवशी चौकीवर चौदा जणांची नावं आणि परत यायची वेळ लिहून द्या. खाली गावात पोलीस पाटलांनाही सांगा. ठरल्या वेळेत आला नाहीत तर कुणीतरी तुमची वाट बघतंय हे आधीच ठरलेलं असेल.

नाथसागरची_पोर (मंगळवार, रात्री १०.२०)

शिट्ट्या कुठं घेतल्या? काकांसाठी दोन हव्यात. एक जॅकेटला, एक चप्पूला.

अजिंठ्याचीवाट (मंगळवार, रात्री १०.२६)

कन्नडच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात, ताई. रविवारी पैठणला येतोय, काकांना नेऊन देतो.